अर्जावरचं पहिलं नाव

दिवाळी होऊन आठ दिवसही झाले नव्हते, आणि पंचफुलाचा उजवा हात मोडला. विहिरीकडून येताना पाटातल्या शेवाळावरून पाय सरकला. डोक्यावरची पाण्याची गुंडी वाचवायला तिनं हात टेकला. गुंडी वाचली, मनगट गेलं. हिंगणीच्या दवाखान्यातून सेलूला, सेलूहून वर्ध्याला. संध्याकाळी कोपरापर्यंतचं पांढरं प्लास्टर छातीशी धरून ती घरी आली, तेव्हा वावरात अर्धा एकर वांगी तोडणीला आलेली होती.

वांगं दर चौथ्या दिवशी तोडावं लागतं. दोन दिवस चुकले तर ते फुगतं, आत बी धरतं, आणि बाजारात बाया त्याला हात लावत नाहीत. मजूर मिळायची सोय नव्हती. कापूस वेचणीचे दिवस, गावातल्या सगळ्या बाया कापसावर. तिचा नवरा चंद्रभान दुसऱ्या दिवशी पहाटेच उठला आणि त्यानं पोरीला हलवलं.

"गुंजन, चाल. आज शाळेत नको जाऊ."

गुंजन पाचवीत होती. ती उठली. वांग्याच्या देठाला काटे असतात म्हणून मायच्या जुन्या लुगड्याची चिंधी तिनं बोटांना गुंडाळली आणि बापामागं निघाली. चार दिवस ती शाळेत गेली नाही. पाचव्या दिवशी सकाळी शाळेच्या नमिता मॅडम वावराच्या धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

हेटी हे चाळीस घरांचं गाव, बोरच्या जंगलाला टेकलेलं. शाळा पाचवीपर्यंत. दोन खोल्या, तेवीस पोरं आणि एक मॅडम. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षांपासून रिकामी. मॅडम सेलूहून बसनं हिंगणीपर्यंत येत आणि पुढचे तीन किलोमीटर पायी. शाळेची लाईट कापलेली होती. फळा पांढुरका पडला तेव्हा त्यांनी पोरांकडून जुने सेल गोळा करून घेतले, आतली काळी पूड कुटली आणि स्वतःच्या हातानं फळा रंगवला. पाचवीच्या पाच पोरांना त्या नवोदयच्या परीक्षेला बसवत होत्या. त्यात नंबर लागला की सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिकणं सगळं सरकारचं. सरावाचं पुस्तक एकच होतं. मॅडमनी ते पाच वह्यांत हातानं उतरवून काढलं, आकृत्यांसकट. आरशात आकृती कशी दिसेल असा प्रश्न आला की जेवणाची स्टीलची थाळी उभी धरायच्या. उत्तराचे गोल भरायची सवय व्हावी म्हणून पेनाच्या टोपणाभोवती पेन्सिल फिरवून गोल काढून ठेवायच्या.

"चंद्रभानभाऊ, गुंजन का येत नाही?"

चंद्रभाननं कंबर सरळ केली नाही. "दिसून नाई राह्यलं का, मॅडम? तिची माय हात बांधून बसली हाये. वांगे का तुमी तोडान?"

मॅडमनी पर्स धुऱ्यावर ठेवली, पदर खोचला आणि शेजारच्या ओळीत शिरल्या. "असं पिरगाळायचं ना?" त्यांनी गुंजनला विचारलं.

"वरून धरा मॅडम, देठ रुतते."

तासाभरात मॅडमची अर्धी पाटी वांग्यांनी भरली. बोटांतून रक्त आलं होतं, ते त्या पदराला पुसत होत्या. तोडता तोडता गुंजनला प्रश्न घालणं चालू होतं. एका कॅरेटमध्ये अठरा किलो वांगी, पाचवा भाग किडका निघाला, तर चांगली किती? गुंजन हात न थांबवता उत्तर द्यायची, चुकलं की मॅडम "परत" म्हणायच्या. चंद्रभानला आपल्या बोलण्याची लाज वाटली. पण तसं बोलून दाखवायची त्याला सवय नव्हती.

जाताना मॅडम म्हणाल्या, "दहापर्यंत ती तुमची. दहानंतर माझी. आणि शाळा सुटल्यावर तास-दीड तास जास्त लागेल. नाल्याच्या अलीकडं मी स्वतः आणून सोडत जाईन."

"बरं," चंद्रभान म्हणाला.

महिनाभर तसंच चाललं. गुंजन पाचला उठायची, उजाडलं की वावरात. नऊला आंघोळ, शिळी भाकर, शाळा. संध्याकाळी पाचला घंटा झाली की पाचवीची पोरं मागच्या खोलीत बसायची. अंधार पडायच्या सुमाराला मॅडम पोरींना घेऊन निघायच्या. पाचवीतल्याच रोशनीचं घर गावातच होतं. गुंजनचं नाल्यापलीकडं, वावरात. तिला नाल्यापर्यंत सोडून मॅडम सेलूच्या शेवटच्या बससाठी हिंगणीकडं पळत सुटायच्या. त्यांचा मिहिर चार वर्षांचा होता आणि घरी सासूजवळ असायचा, एवढं गुंजनला माहीत होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मॅडमना फोन आला. त्या गडबडीनं उठल्या. "आज तुम्ही तुमच्या जा. गुंजन, कुठं थांबू नको, सरळ घरी," एवढं म्हणून त्या हिंगणीच्या वाटेला लागल्या.

गुंजन नाल्याच्या उतारावर आली आणि तुरीतून पिलांसकट रानडुकरीण निघाली. पोरगी पळाली. खालच्या दगडावर कपाळ आपटून पडली. चंद्रभान बॅटरी घेऊन शोधत आला तेव्हा ती दप्तर पोटाशी धरून बसली होती, कपाळावरचं रक्त डोळ्यात आलेलं, आणि विचारत होती, "वही भिजली का, बाबा?"

सहा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी चंद्रभान शाळेच्या पडवीत जाऊन उभा राहिला. सगळी पोरं पाहत होती.

"तुमच्या परीक्षेपायी माही पोरगी मेली असती! तुमचं काय जाते? तुमी बसमंदी बसून घरी जाता!"

मॅडम बाहेर आल्या. "चूक माझीच झाली, भाऊ. मी सोडायला यायला पाहिजे होतं." त्या संध्याकाळी मिहिरला ताप होता, हे त्या बोलल्याच नाहीत. ते त्याला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी बंडूजींनी त्याला बोलावून घेतलं. बंडूजी शाळा समितीचे अध्यक्ष. घर पक्कं, ट्रॅक्टर दारात. कापूस ठेवायला त्यांना शाळेची एक खोली हवी होती आणि मॅडमनी ती दिली नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. ओसरीवर आणखी पाच-सहा जण होते. चहा झाला. बंडूजींनी मॅडमविरुद्ध साहेबांकडं द्यायचा अर्ज वाचून दाखवला. पोरांना शाळेच्या वेळेनंतर डांबून ठेवतात, त्यात एका मुलीचा जीव जाता जाता वाचला. वर्गात शिकवत नाहीत, दिवसभर मोबाईलवर बोलत बसतात. गावकऱ्यांशी उद्धट वागतात.

"मोबाईलचं खोटं हाये ना, बंडूजी," चंद्रभान म्हणाला.

"अर्जात असंच लिहा लागते रे बाप्पा. नाईतर सायेब वाचत नाई. तुह्या पोरीच्या कपायावर सहा टाके खोटे हायेत का?"

"ते नाई."

"मंग झालं तं. पयलं नाव तुहं पाह्यजे. जखम तुह्या घरची हाये." बंडूजींनी शाईचं पॅड पुढं सरकवलं.

चंद्रभाननं दुसरीतून शाळा सोडली होती. सोसायटीत, तलाठ्याकडं, सगळीकडं त्याचा अंगठाच चालायचा. पण मागच्या हिवाळ्यात दर शनिवारी मॅडम मोठ्या माणसांचा वर्ग घेत. तिथं तो आधी नुसता मागं उभा राहायचा, मग बसला. मॅडमनी त्याच्या जाड बोटांत पेन बसवून दिला होता आणि 'चंद्रभान' मधल्या जोडाक्षराला महिना लागला होता. सही आली त्या दिवशी त्यानं घरच्या धान्याच्या कोठीवर कोळशानं ती चार वेळा काढली होती.

आता सगळे त्याच्या अंगठ्याकडं बघत होते. त्यानं पॅड बाजूला केलं.

"पेन द्या. मले सही येते."

त्यानं सावकाश, ओळीवर, पूर्ण नाव लिहिलं. कोणीतरी "वा!" म्हणालं. त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणंच पुढं त्याला सगळ्यात जास्त खुपलं.

घरी आल्यावर पंचफुलानं विचारलं, "वाचून पाह्यलं होतं का?"

"बंडूजीनं वाचून दाखवलं."

"मंग आयकलं होतं ना," ती म्हणाली आणि डाव्या हातानं चूल फुंकायला लागली.

दहाव्या दिवशी मॅडमची कामगिरी, म्हणजे तात्पुरती बदली, तिकडं गिरडजवळच्या एका गावात लागली. जिल्ह्याचं दुसरं टोक. सेलूहून रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी पाचही पोरांना आपल्या हातच्या वह्या नीट वाचत जा म्हणून सांगितलं, टेबलाच्या खणातली शाळेची किल्ली बंडूजींच्या घरी पोचवली आणि निघाल्या. गुंजन हिंगणीपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेली. परत आली ती सरळ बापापाशी.

"बाबा, अर्ज कोनं केला?"

चंद्रभान वांग्याचं कॅरेट सायकलला बांधत होता. "मले काय माहीत? गावानं केला असन."

"ज्यानं केला त्याचे हात झडो," गुंजन म्हणाली.

पंचफुलानं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

मग दुसऱ्या गावचे एक गुरुजी आठवड्यातून दोन दिवस येऊ लागले. हजेरी घ्यायचे, खिचडी शिजली का पाहायचे आणि जायचे. बाकी दिवस पोरं पडवीत गोट्या खेळायची. मागच्या खोलीत बंडूजींचा कापूस आला, छतापर्यंत. पाचातल्या चार पोरांनी नवोदयचा नाद सोडला. रोशनीला तिच्या मायनं कापूस वेचायला नेलं.

गुंजननं मात्र तो सोडला नाही. पहाटे ती वांगी तोडायची आणि पंचफुला प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून धुऱ्यावर बसायची. ती सातवीपर्यंत शिकलेली. डाव्या हातानं वहीचं पान उलटून ती मोठ्यानं प्रश्न वाचायची.

"एक टाकं दोन नळानं भरते. पयला नळ सहा घंट्यात भरते, दुसरा बारा…"

"चार घंटे."

"खाली तं दुसरं काई लिवलं हाये व."

गुंजन पाटी खाली ठेवून यायची, वहीत डोकं घालायची. "ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर हाये, माय. तू खालची ओय वाचली." आणि दोघी हसायच्या.

चंद्रभान दोन ओळी सोडून वाकलेला असायचा. प्रत्येक प्रश्न त्याला ऐकू यायचा. मॅडमनी कुठं कुठं कडेला लिहून ठेवलं होतं, तेही पंचफुला वाचायची. 'घाई करू नको.' 'हा प्रश्न गुंजनला जड जातो, दोनदा सोडवणे.' तो ऐकायचा आणि बोटात काटा रुतला तरी हात काढायचा नाही. संध्याकाळचं पाणी, फवारणी, बाजार, सगळं त्यानं एकट्यानं अंगावर घेतलं. पोरीला दुपारनंतर वावरात हाक मारली नाही. थंडीत त्याची पाठ धरली, दोन दिवस सरळ उभं राहता येईना, तरी नाही.

जानेवारीत सेलूला परीक्षा झाली. चंद्रभान फाटकाबाहेर उन्हात उभा होता. बाकीची पोरं गाडीवरून आलेली, कोणाच्या हातात छापील पुस्तकांचे गठ्ठे, क्लासवाले सर शेवटच्या सूचना देत होते. गुंजनजवळ शिवलेली वही आणि दोन पेन. बाहेर आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटाला गोल भरून भरून खळगा पडला होता.

मार्चच्या शेवटी निकाल लागला. गुंजनचं नाव होतं. हेटीतून आजवर कोणाचंच लागलं नव्हतं.

बंडूजींनी देवळासमोर सत्कार ठेवला. भोंगा लावला. चंद्रभानला खुर्चीवर बसवून शाल टाकली, नारळ दिला. "आपल्या शाळेनं, आपल्या समितीनं जे कष्ट घेतले…" असं बंडूजी बोलत होते. चंद्रभाननं शाल काढून मांडीवर ठेवली. गुंजनला दोन शब्द बोलायला उभं केलं. तिनं माईकसमोर तोंड नेलं आणि विचारलं, "नमिता मॅडमले बलावलं का?"

माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. कोणी तरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

घरी येताना ती म्हणाली, "बाबा, मले मॅडमकडे घेऊन चाला."

शनिवारी पहाटेच्या बसनं दोघं निघाले. वर्ध्याला एक बस बदलली, पुढं आणखी एक. उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. दूर गिरडची टेकडी दिसत होती. शाळा रस्त्यालाच, समोर लिंबाचं झाड. शनिवारची सकाळची शाळा सुटायला आली होती.

मॅडमनी गुंजनला दारात पाहिलं आणि हातातला खडू तसाच धरून बाहेर आल्या. गुंजननं बातमी सांगितली. मॅडमनी तिच्या गालावरून हात फिरवला, मग कपाळावरच्या व्रणावरून. "किती मार्क पडले ते सांगत नाहीत ना तिथं? बरं आहे. नाहीतर तू पैकीच्या पैकी का नाही म्हणून रडली असतीस." चंद्रभानला त्यांनी खुर्ची दिली. तो बसला नाही.

"मॅडम, इथं पाचवीत किती पोरं हायेत?" गुंजननं विचारलं.

"सहा."

"नवोदयले कोन बसलं होतं?"

"कोणी नाही."

"संध्याकाळी घेऊन नाई राह्यल्या तुमी? काऊन?"

मॅडमनी खडू खिडकीत ठेवला. "घंटा झाली की कुलूप लावते मी आता, बेटा. गिरडला खोली घेतली आहे, आठवडाभर तिथं असते. मिहिर सेलूला आजीजवळ. शनिवारी जाते, सोमवारी पहाटे येते. तो अर्ज झाला ना, त्याचं उत्तर लिहून द्यावं लागलं. मोबाईलवर बोलत नव्हते हे कसं लिहून दाखवायचं? पंधरा वर्षं नोकरी झाली, कोणी असं विचारलं नव्हतं. आता वेळेत येते, वेळेत शिकवते. जास्तीचं नको."

"कोनं केलता तो अर्ज? तुमाले तं माहीत असन."

"अकरा नावं होती. आता आठवत नाहीत."

मॅडमनी चंद्रभानकडं पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे त्याला समजलं. तोही गप्प राहिला असता तर सगळं तिथंच झाकून गेलं असतं. पोरगी जूनमध्ये होस्टेलवर जाणार होती.

"मी केलता," तो म्हणाला.

गुंजननं मान वळवली.

"पयलं नाव माहं हाये. अन् मोबाईलचं खोटं हाये, ते मले तवाच माहीत होतं."

"चंद्रभानभाऊ," मॅडम म्हणाल्या, "पोरीचं डोकं फुटलेलं. कोणत्याही बापाला राग…"

"राग सकाळीच निंघाला होता, मॅडम. सही संध्याकायी केली." तो दोन पावलं पुढं आला. "इथल्या लेकरायसाठी तरी संध्याकायचा वर्ग घ्या ना पुन्हा. मी हात जोडतो."

"नाही हो भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "आता होत नाही माझ्याच्यानं."

घंटा झाली. पोरं बाहेर पडली. मॅडमनी खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, ते एकदा ओढून पाहिलं. साडेअकराच्या बसनंच तिन्ही माणसांना जायचं होतं. तिघं रस्त्याकडं निघाले. गुंजन बापापासून दहा पावलं मागं राहिली.

लिंबाखाली दोन वेण्या घातलेली एक पोरगी घुटमळत होती. तिनं गुंजनला विचारलं, "तूच का ते नवोदयवाली? त्यात काय विचारतेत व?"

गुंजन थांबली. खाली बसली. काडी उचलून तिनं मातीत एक आकृती काढली आणि शेजारी आणखी चार.

बस आली. मॅडम पायरीवर चढल्या, वळून त्यांनी झाडाकडं पाहिलं. क्षणभर दांडीवरचा त्यांचा हात सैल झाल्यासारखा वाटला. मग त्या आत गेल्या. मिहिर सोमवारपासून वाट पाहत होता.

"गुंजन, बस आली," चंद्रभाननं हाक दिली.

तिनं मान वर केली नाही. "तुमी जा."

त्याचा एक पाय पायरीवर होता. "येता का राह्यता, काका?" कंडक्टर ओरडला. पुढची बस दोनला होती.

चंद्रभाननं पाय खाली घेतला. "राह्यतो."

बस गेली. रस्त्यावर ऊन तापायला लागलं होतं. आणखी दोन पोरं येऊन गुंजनच्या भोवती वाकली. तो तिथं गेला नाही. शाळेच्या पायरीवर, बंद दाराशी बसला. वेण्यावाल्या पोरीनं बोट ठेवून काहीतरी उत्तर दिलं. ते चुकलं असावं. गुंजननं तळहातानं माती सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून आकृती काढायला घेतली.